वऱ्हाडातील सायकल आणि घरचे सामान

सायकलीचे भाग ढोबळमानाने दोन प्रकारची कामे करतात. चिमटा, ॲक्सल, क्रँक, ब्रेक हे भाग वजन पेलतात किंवा चाक थांबवतात. मूठ, सीटचे आवरण, मडगार्ड, चेनकव्हर, टोपली, दिव्याची वायर हे भाग झाकतात, बांधतात, धूळ अडवतात किंवा चालवणाऱ्याची सोय पाहतात. घरातल्या वस्तूंनी सायकलीत जे लहानसहान फेरफार करता येतात ते जवळजवळ सगळे या दुसऱ्या गटातले आहेत. पहिल्या गटातल्या भागावर घरची वस्तू फार तर वरून लावता येते; त्या भागाच्या जागी ती बसवली की धोका सुरू होतो. जुन्या ट्यूबची पट्टी चिमट्याचा रंग वाचवेल, तडकलेला चिमटा मात्र धरून ठेवणार नाही.

त्यापलीकडे काय करायचे हे सायकल कोणत्या मुलखात चालते यावर ठरते. कोकणात दमट हवा आणि खारा वारा पत्रा खातो. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते आणि मृगाच्या पावसानंतर चाकाला लिंपून बसते. धुऱ्यावर आणि पांदण रस्त्यावर बाभळीचे काटे पडलेले असतात. पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात तर विहिरीचे पाणीच खारट. अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या बाजूला वावरात जाणारी काळी, उंच, २८ इंची चाकांची सायकल या चारही गोष्टींशी वर्षभर झुंजते. तिचा आराखडा मूळचा इंग्लंडमधला. सोनीपतच्या ॲटलसने १९५१ पासून आणि लुधियानाच्या हिरोने १९५६ पासून तो घरोघरी पोचवला. कितीतरी दशके या आराखड्यात फारसा बदल झाला नाही. त्यामुळे आजोबांच्या सायकलीचा नट नातवाच्या सायकलीला बसतो आणि भंगारातला स्पोकसुद्धा कशाला ना कशाला कामी येतो.

सुरुवात टायरपासून करणे रास्त, कारण हवेचा टायरच मुळी घरगुती खटपटीतून जन्मला. बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी रबरी नळी, लिननचे कापड आणि लाकडी चकती एवढ्या सामानावर १८८७ च्या सुमारास प्रयोग केला आणि १८८८ मध्ये पेटंट घेतले. रॉबर्ट थॉमसन यांनी हीच कल्पना चाळीसेक वर्षे आधी नोंदवली होती असे पुढे उघड झाले आणि डनलॉप यांचे पेटंट टिकले नाही. टायर मात्र टिकला.

काटा टायरमध्ये एकदम आरपार जात नाही, हे पंक्चर टाळण्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. तो आधी रबरात रुततो आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात थोडा थोडा आत ढकलला जातो. २८ इंची चाकाचा घेर साधारण सव्वादोन मीटर. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलीचे चाक सेकंदाला जवळजवळ दोन फेरे घेते, म्हणजे रुतलेल्या काट्यावर मिनिटाला शंभरावर ठोके बसतात. पहिल्या काही फेऱ्यांतच काटा झटकला गेला तर ट्यूब वाचते. त्यासाठी जुन्या स्पोकचा वापर करता येतो. स्पोक कमानीसारखा वाकवायचा, मडगार्डच्या बोल्टला पक्का करायचा आणि त्याचा मधला भाग टायरला जेमतेम टेकेल असा ठेवायचा. टायर फिरताना ही कमान वरवर रुतलेले काटे, काचा, खडे पुसून काढते. लांब पल्ल्याच्या शर्यतीतले सायकलपटू अशी तार पूर्वी सर्रास वापरत. ती चाक फिरते त्या दिशेला ओढली जाईल अशी बसवायची, उलटी बसवली तर अडकते. ढिली झालेली तार स्पोकमध्ये गेली की चाक जागीच थांबते. म्हणून हा प्रयोग मागच्याच चाकावर करावा आणि बोल्ट अधूनमधून तपासावा.

बाभळीचा लांब काटा तारेलाही दाद देत नाही. त्यासाठी टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये अस्तर घालतात. जुन्या ट्यूबचा व्हॉल्व्ह कापून टाकून ती आतल्या बाजूने लांबीने उभी चिरली की रबराची लांब पट्टी मिळते. ती टायरच्या आत पसरवून वर चांगली ट्यूब बसवायची. झिजलेल्या टायरच्या दोन्ही कडांच्या तारा कापून उरलेला पट्टा आत घातला तर संरक्षण अधिक चांगले मिळते. मात्र पट्ट्याच्या कडा आणि टोके चाकूने तासून निमुळती करावी लागतात. कापलेली कड तशीच राहिली तर ती महिनाभर ट्यूबला घासते आणि काट्याऐवजी अस्तरच पंक्चर करते. अस्तराने चाक जड होते आणि पायडल मारायला जोर जास्त लागतो. डांबरी रस्त्यावर शाळा-कचेरीला जाणाऱ्याने हा भार वाहण्याचे कारण नाही. रोज पांदणीतून जाणाऱ्याला तो परवडतो.

टायरला चीर पडली असेल आणि तिच्यातून ट्यूब फुग्यासारखी डोकावत असेल तर घरी पोचेपर्यंत आतून आधार हवा असतो. टूथपेस्टची रिकामी नळी कापून, धुऊन, दुहेरी घडी करून चिरेवर आतून ठेवली तर ती ताणली जात नाही आणि ट्यूब आत दाबून धरते. दुधाची पिशवी या कामाला निरुपयोगी, कारण ती ताणाखाली पसरत जाते. ट्यूब आणि टायर यांच्यामध्ये अंगाला लावायची पावडर भुरभुरली तर दोन्ही एकमेकांना चिकटत नाहीत आणि सोल्युशनचा ओलावा टायरला धरत नाही. पावडरऐवजी रांगोळी वापरू नये. ती दगडाची भुकटी असते आणि आत बारीक कानसच फिरवते.

उन्हाने ट्यूब फुटते, ही वऱ्हाडातली सार्वत्रिक तक्रार. ती अर्धीच खरी आहे. सकाळी २८ अंश तापमानात ५० पौंड हवा भरली आणि दुपारी टायर ६० अंशांपर्यंत तापला असे धरले, तर आतला दाब वाढून साधारण ५७ पौंड होतो. धड टायर-ट्यूब एवढी वाढ सहज सोसतात. खरा दगा देतात जुनी ठिगळे. जुन्या ट्यूबचा तुकडा कापून साध्या सोल्युशनने लावलेले ठिगळ उष्णतेने मऊ पडते आणि एका कडेने उचलले जाते. उन्हाळ्यात तयार मिळणारे ठिगळ वापरलेले बरे. घरचाच तुकडा लावायचा असेल तर ट्यूब आणि तुकडा दोन्ही काचकागदाने घासून खरखरीत करावेत आणि सोल्युशन बोटाला चिकटणार नाही इतके सुकेपर्यंत थांबावे. घाईने ओल्या सोल्युशनवर दाबलेले ठिगळ दुसऱ्या दिवशी निघते, मग दोष उन्हाला जातो.

दुसरा दोषी असतो व्हॉल्व्ह. काळ्या सायकलीच्या व्हॉल्व्हमध्ये धातूच्या नळीवर पातळ रबराची बाही चढवलेली असते, जिला सायकलवाले वालट्यूब म्हणतात. पंपाची हवा रबर दूर सारून आत जाते आणि आतला दाब तेच रबर भोकावर आवळून हवा अडवतो. इतकी साधी युक्ती. पण दोन-तीन उन्हाळ्यांत हे रबर चिकट होते किंवा तडकते आणि रात्रीतून चाक बसते. पंक्चर समजून चाक खोलण्याआधी व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाचा फेस लावून पाहावा. बुडबुडे आले तर दोनेक सेंटिमीटर नवी वालट्यूब पाण्याने ओली करून चढवली की काम भागते. तेल लावून चढवू नये, तेलाने रबर सुजते. सुट्या वालट्यूबचा तुकडा सीटखालच्या स्प्रिंगमध्ये अडकवून ठेवण्याची जुन्या लोकांची सवय शहाणपणाची आहे.

चेनला कोणते तेल घालावे, हा घरगुती फेरफारांमधला सर्वात जास्त चुकणारा विषय. स्वयंपाकघरातले तेल हाताशी असते म्हणून तेच घातले जाते, आणि प्रत्येक तेलाची खोड वेगळी निघते. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठते. अकोल्यात उन्हाळ्यात ते पाण्यासारखे वाहते. पण डिसेंबरच्या पहाटे फ्रीव्हीलमध्ये घट्ट होते, आतले लहान खटके चिकटतात आणि पायडल रिकामे फिरते. करडईचे तेल हवेतला प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते आणि चेनवर डिंकासारखा थर धरते. काळ्या मातीची धूळ त्या थरात बसली की चेनवर घासणारी लुगदी चढते. गाडीच्या इंजिनातून काढलेले जळके ऑईल फुकट मिळते, पण त्यात काजळी आणि धातूचे कण असतात.

जवसाचे तेल या सगळ्यात निराळे. विदर्भात जवस चटणीसाठी घरोघरी असते. त्याचे तेल सुकून कडक पापुद्रा होते, म्हणून चेनसाठी ते सर्वात वाईट. मात्र जे सुकायला हवे तिथे ते सर्वात चांगले. चाक बांधणारे जुने कारागीर स्पोकच्या आट्यांना जवसाचे तेल लावून निपल चढवत. चढवताना तेल घर्षण कमी करते, नंतर सुकून आटे धरून ठेवते आणि खड्ड्यांच्या हादऱ्यांनी स्पोक ढिले होत नाहीत. तरीही चाक सरळ करायची वेळ आली तर पान्याने निपल फिरते. रंग उडालेल्या लोखंडावर पातळ हात फिरवला तर गंजही काही काळ थांबतो. एक खबरदारी मात्र जिवाची आहे. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकला तर तेल सुकताना निघणारी उष्णता आत कोंडते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. वऱ्हाडातल्या उन्हात तर हा धोका अधिक. चिंध्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून मग फेकाव्यात.

धुळीच्या दिवसांत चेनसाठी घरातली उत्तम वस्तू म्हणजे शिवणयंत्राचे तेल. प्रत्येक रोलरवर थेंबभर सोडावे, चेन दोन-चार मिनिटे उलटी फिरवावी आणि बाहेरचे तेल कापडाने कोरडे पुसून घ्यावे. तेलाचे काम आत असते, बाहेर राहिलेले तेल फक्त माती गोळा करते. ज्याला खटपटीची हौस आहे त्याला मेणबत्तीचे मेण वापरून पाहता येईल. चेन रॉकेल किंवा डिझेलने पूर्ण स्वच्छ करून वाळवायची. मग उकळत्या पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात मेण वितळवून त्यात चेन बुडवायची आणि बुडबुडे थांबल्यावर बाहेर टांगायची. गोठलेले मेण कोरडे असल्याने त्याला धूळ धरत नाही. मेणाचे भांडे थेट शेगडीवर ठेवू नये, मेणाची वाफ पेटते. पावसाळ्यात मेण लवकर सुटते, तेव्हा पुन्हा तेलावर यावे.

चेन झिजली आहे का हे पाहायला साधी फूटपट्टी पुरते. चेनच्या दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच असते, म्हणजे चोवीस जोडांची लांबी बरोबर बारा इंच भरायला हवी. एक सोळांश इंच जास्त भरली तर चेन बदलावी. एक अष्टमांश जास्त भरली तर फ्रीव्हीलचे दातेही गेलेले असतात आणि नुसती नवी चेन त्यावर उड्या मारते.

गंजाच्या बाबतीत खारपाण पट्ट्याने स्वतंत्र शिस्त घालून घ्यायला हवी. खारट पाण्याने सायकल धुतली आणि तशीच वाळू दिली की पत्र्यावर क्षारांचा थर उरतो. हा थर हवेतला ओलावा ओढतो आणि गंज धुण्यामुळेच वाढतो. तिथे सायकल धुण्यापेक्षा कोरड्या फडक्याने आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने पुसणे चांगले. धुवायचीच असेल तर पावसाचे साठवलेले पाणी वापरावे. क्रोमच्या रिमवरचा तपकिरी गंज काढायला चिंचेचा कोळ आणि ॲल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पुरेसा आहे. चिंचेतले आम्ल गंज विरघळवते आणि क्रोमपेक्षा मऊ असल्याने फॉइल चरे पाडत नाही. लिंबू-मिठाचा प्रचलित उपाय त्या दिवशी चमक देतो, पण स्पोकच्या बुडाशी राहिलेले मीठ पुढच्या आठवड्यात आपला हिशेब चुकता करते. रंगाचा टवका उडाला असेल तर जागा काचकागदाने घासून नखांच्या रंगाचा हात द्यावा. काळा किंवा पारदर्शक रंग शोभतो, गुलाबीही गंजाला तितकाच अडवतो.

हँडलच्या प्लॅस्टिकच्या मुठी उन्हाने चिकट होतात, कारण प्लॅस्टिक मऊ ठेवणारे द्रव्य उष्णतेने पृष्ठभागावर येते. कापसाच्या मुलखात त्यावर उपाय शोधायला लांब जावे लागत नाही. सुती नाडा किंवा मऊ सुती दोरी हँडलवर टोकाकडून आत, एकाला एक खेटून गुंडाळायची. शेवटचे टोक आधीच खाली दाबून ठेवलेल्या फासातून ओढून घेतले की गाठ दिसत नाही. सुतारकामात वापरतात ते स्पिरिटमधले लाखेचे पॉलिश वरून दोन-तीन वेळा लावले तर गुंडाळी घट्ट बसते, मळ धरत नाही आणि घामाने ओली झाली तरी हात सटकत नाही. युरोपातल्या जुन्या शर्यतीच्या सायकलींवर सुती पट्टी आणि लाख हीच जोडी असे. नव्या मुठी चढवायच्या असतील तर त्या गरम पाण्यात मऊ करून साबणाच्या पाण्याने सरकवाव्यात. पाणी वाळले की त्या पकडतात. तेलाने चढवलेली मूठ नेमकी उतारावर हातात येते.

काळ्या रेक्झिनच्या सीटवर दुपारी बसवत नाही. जुन्या पांढऱ्या चादरीचे किंवा फिक्या जीन्सचे आवरण शिवून त्याच्या कडेत इलॅस्टिक घातले तर सीट कमी तापते आणि घामही शोषला जातो. पावसाळ्यात आवरणाखाली प्लॅस्टिकची पिशवी घालायची. स्पंजचा जाड थर घालण्याचा मोह मात्र आवरावा. जाड स्पंज बसताक्षणी सुखाचा वाटतो, पण त्यात हाडे रुतली की सारा भार मधल्या नाजूक भागावर येतो आणि लांब अंतरावर त्रास वाढतो.

उन्हाळ्यात सायकलीवर सर्वात गरजेचा जोड म्हणजे पाण्याची सोय. जाड कॅनव्हासची छागल हँडलला टांगलेली पूर्वी नेहमी दिसे. तिच्या कापडातून पाझरलेले पाणी वाऱ्यावर उडून जाते आणि वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेते. एक ग्रॅम पाणी असे उडाले की जवळपास ५८० कॅलरी उष्णता जाते. वऱ्हाडातली मे महिन्याची हवा कोरडी असल्याने ही युक्ती इथे जशी चालते तशी मुंबईत चालत नाही. प्लॅस्टिकच्या बाटलीवर जुना सुती मोजा चढवून तो ओला ठेवला तरी हेच घडते, आणि चालत्या सायकलीचा वारा काम आणखी सोपे करतो. बाटली अडकवायला सायकलच्या दांड्यावर ट्यूबची पट्टी गुंडाळून त्यावर जाड तारेचे कडे बांधता येते. खाली पट्टी असल्याने कडे घसरत नाही आणि रंगही उडत नाही.

पाऊस सुरू झाला की प्रश्न उलटतो. काळ्या मातीतली चिकणमाती पाण्याने फुगते आणि इतकी चिकटते की मडगार्ड आणि टायर यांच्यामधली फट भरून चाक फिरणेच थांबते. शहरातल्या सायकलीला मडगार्डखाली लांब फडका हवा. पाच लिटरच्या तेलाच्या प्लॅस्टिक कॅनमधून तो छान कापता येतो आणि चेनवर उडणारा गाळ अडवतो. वावरात जाणाऱ्या सायकलीला तोच फडका अडचण ठरतो. म्हणून तो साध्या नटाऐवजी हाताने फिरणाऱ्या पंखी नटाने बसवावा, म्हणजे डांबरी संपली की काढता येतो. मडगार्डच्या आतल्या बाजूला मेण चोळले तर चिखल लवकर सुटतो. तरीही पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, एक काडी कॅरिअरला बांधून ठेवलेली बरी. चिखल खरवडायला ती लोखंडी सळईपेक्षा चांगली, रंगाला ओरखडा काढत नाही.

कापड चाकात जाण्याचा धोका घराघरात माहीत असतो, त्यावरचा उपाय मात्र क्वचित दिसतो. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळू लागल्या आणि ओढणी, सलवार, दप्तराचे पट्टे यांचा मागच्या चाकाशी रोजचा संबंध आला. हॉलंड आणि इंग्लंडमधल्या बायकांच्या सायकलींवर शंभर वर्षांपूर्वी यासाठी दोऱ्याची जाळी असे. मागच्या मडगार्डच्या कडेला ओळीने बारीक छिद्रे असत आणि त्यांतून ओवलेले दोरे पंख्यासारखे ॲक्सलपाशी एकत्र येत. ही जाळी घरी करणे अवघड नाही. मडगार्डच्या कडेला खिळ्याने किंवा गिरमिटाने दोन-दोन सेंटिमीटरवर छिद्रे पाडायची, त्यांच्या कडा कानशीने गुळगुळीत करायच्या आणि नायलॉनची बारीक दोरी वर-खाली ओवत जायची. खालच्या टोकांसाठी ॲक्सलच्या नटाखाली एक वायसर आणि तारेचे छोटे कडे पुरते. क्रोशाचे काम येणाऱ्या घरात जाळीला नक्षीही येते. दोर ताठ हवेत. ढिली जाळी ओढणीसारखीच स्पोकमध्ये जाते.

मागे बसणाऱ्या लहान मुलाचे पाऊल स्पोकमध्ये अडकून टाच सोलवटणे ही तर अस्थिरोगतज्ज्ञांच्या ओळखीची दुखापत आहे. त्यावर प्लॅस्टिकच्या मोठ्या कॅनचा सपाट पत्रा कापून चाकाच्या दोन्ही बाजूंना मडगार्डच्या काड्यांना बांधता येतो. तेलाच्या डब्याचा पत्रा इथे वापरू नये, त्याची कड सुरीसारखी असते. पाय ठेवायला ॲक्सलला बसणारे तयार पायदान स्वस्तात मिळते. ते घरी बनवण्यात शहाणपण नाही, कारण त्यावर मुलाचे वजन येते.

सामानासाठी प्लॅस्टिकच्या वायरची विणलेली टोपली हँडलपुढे शोभते आणि भाजी, वह्या, डबा एवढे सहज नेते. पण हँडलवर टांगलेले वजन वळताना चाक ओढते. चार-पाच किलोंच्या वरचा भार कॅरिअरवरच हवा. कॅरिअरवर सामान आवळायला जुन्या ट्यूबच्या लांब पट्टीइतके चांगले साधन विकतही मिळत नाही. ती ताणून बांधली की खड्ड्यांत ढिली होत नाही आणि डबा आपटत नाही.

डायनामोचा दिवा अजून असेल तर त्याच्या अडचणी दोनच. ओल्या टायरवर त्याचे चाक घसरते. त्यावर ट्यूबचे रबरी कडे घट्ट चढवले की पकड येते. दिवा मधूनच जात असेल तर वायरपेक्षा रंग तपासावा. डायनामोचा परतीचा विद्युतप्रवाह सायकलीच्या लोखंडातूनच जातो आणि नव्याने रंगवलेल्या जागेवर पट्टा आवळला तर रंग प्रवाह अडवतो. पट्ट्याखालचा बोटभर रंग खरवडला की दिवा लागतो. स्पोकमध्ये जुनी सीडी बांधणे मुलांना आवडते, पण ती आरशासारखी प्रकाश भलतीकडे फेकते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लावतात ती परावर्तक पट्टी प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवते, म्हणून मागून येणाऱ्या ट्रकचालकाला ती दुरून दिसते. मागच्या मडगार्डवर आणि दोन्ही पायडलच्या कडांवर तिचे तुकडे लावावेत. वरखाली होणारे दोन ठिपके पाहताच समोर सायकल आहे हे ओळखू येते.

स्पोकला रंगीत नळ्या, हबभोवती झालर, चाकाला घासून फटफटीचा आवाज काढणारा पत्त्यातला जोकर, हा मुलांचा प्रांत. त्यातल्या हबच्या झालरीला तेवढा उपयोग आहे. हबभोवती सैल राहिलेला चामड्याचा किंवा कापडाचा पट्टा फिरता फिरता हब पुसत राहतो.

ब्रेकच्या बाबतीत घरच्या वस्तूंनी फक्त साफसफाई करावी. सळईच्या ब्रेकचे रबर लोखंडी रिमवर आतून दाबले जाते, आणि लोखंडी रिम ओली झाली की थांबण्याचे अंतर फार वाढते. रबरावर चढलेली चकाकी काचकागदाने काढावी, त्यात रुतलेले खडे आणि धातूचे कण सेफ्टी पिनने टोकरून काढावेत, रिम साबणाच्या पाण्याने धुऊन राखेने घासावी. रॉकेलने पुसू नये, त्याचा तेलकट अंश मागे राहतो. स्लिपरचा किंवा टायरचा तुकडा कापून ब्रेकच्या खाचेत बसवण्याचा प्रकार खेड्यांत दिसतो. स्लिपरचे मऊ रबर उतारावरच्या घर्षणाने तापून सपाट होते आणि खाचेतून निसटते. ब्रेकचे तयार रबर सायकलीच्या सर्वात स्वस्त भागांपैकी एक आहे. घरात असलेच पाहिजे असे सुटे सामान कोणते, तर हेच.

वजन पेलणारे भाग निकामी झाल्यावर सायकलीचे काय करायचे, याचेही उत्तर वऱ्हाडाच्या शेजारीच सापडते. जळगाव जिल्ह्यातल्या शेंदुर्णीचे शेतकरी गोपाळ मल्हारी भिसे यांनी सायकलीचे हँडल, चिमटा आणि चाक यांना मागे पास, म्हणजे माती खुरपणारे पाते, जोडून हाताने ढकलायचे कोळपे बनवले. नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनने ‘कृषिराजा’ या नावाच्या या अवजाराची दखल घेतली. बैलजोडी नसलेल्या किंवा जेमतेम एकरभर जमीन असलेल्या कास्तकाराला सायकलीचा असा डवरा परवडतो आणि गावातला वेल्डिंगवाला तो एका दिवसात करून देतो. चाक पुढे असल्याने पास एकसारख्या खोलीवर चालते आणि ढकलणाऱ्याला वाकावे लागत नाही. ओल्या काळ्या मातीत मात्र तो चालत नाही. चाक लिंपते, पासेवर ढेकळे बसतात. पाऊस उघडून दोन-तीन दिवसांनी वाफसा आला की तणाची मुळे सुटी असतात, तेव्हाच तो कपाशीच्या तासांमधून न्यावा.